मॉरिशसला तार कुणी दिली, आणि कशासाठी?

मला तुमचा प्रश्न कळला तो असा. मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या गावात तुम्ही एका मराठी कुटुंबाकडे जेवायला गेला होतात. घरात ‘माय टी’चा राउटर, आजोबांच्या तोंडी मात्र ‘केबल अँड वायरलेस’, आणि दुकानात पाहिलंत तर आपल्या एमटीएनएलच्या तिथल्या कंपनीचं सिम कार्ड. मग ही सगळी एकच कंपनी का? केबल अँड वायरलेसचं पुढे काय झालं? आणि एवढ्याशा बेटावर घरोघरी फायबर पोचलं कसं?

मी नोकरीची सगळी वर्षं परदेशी दळणवळणात काढली. आधी आर्वीच्या उपग्रह केंद्रात, मग मुंबईत फोर्टातल्या ऑफिसात समुद्री केबलींच्या कामावर. मॉरिशसला दोनदा गेलो, दोन्ही वेळा कामालाच, त्यामुळे तिथला समुद्रकिनारा मी पाहिला तो केबल जमिनीवर येते तेवढाच.

आधी थोडक्यात उत्तर. कंपनी एक नाही. बेटाच्या आतला टेलिफोन सरकारी खात्याचा होता आणि बेटाबाहेर जाणारा प्रत्येक शब्द केबल अँड वायरलेस या ब्रिटिश कंपनीचा. १९८५ मध्ये बाहेरचं काम एका मॉरिशियन कंपनीकडे आलं, १९८८ मध्ये आतल्या खात्याची दुसरी कंपनी झाली, आणि १९९२ मध्ये दोन्ही एक होऊन मॉरिशस टेलिकॉम उभी राहिली. ‘माय टी’ हे तिच्याच सेवांचं आजचं नाव. एमटीएनएलची कंपनी मात्र वेगळी, ती तिची प्रतिस्पर्धी.

पण एवढ्यावर थांबलो तर खरी गोष्ट राहून जाईल. या बेटाला जी जी समुद्री तार मिळाली ती बेटासाठी टाकलेली नव्हती. कुणीतरी कुठून तरी कुठे तरी निघालं होतं आणि मॉरिशस वाटेत होतं. वाट बदलली की तार गेली. हे एक लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप लागत जातं.

पोर्ट लुई बंदराच्या डोक्यावर ‘सिग्नल माउंटन’ नावाचा डोंगर आहे. जहाज दिसलं की तिथून खाली बंदरात निशाणांनी कळवायचं, ही फ्रेंचांच्या काळापासूनची सोय. त्याच काळात, १७८० च्या दशकात, एतिएन बोतिनो नावाचा एक गृहस्थ क्षितिजाखालची जहाजं आपल्याला दोन-तीन दिवस आधी ‘दिसतात’ म्हणून पैजा लावायचा आणि म्हणे बऱ्याचदा जिंकायचाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. पण बातमी फक्त जहाजानेच येणार असेल, तर जहाज कधी येणार हीच सगळ्यात महाग बातमी होते, एवढं त्यावरून कळतं.

टेलिफोन तिथे लवकर आला. १८८३ मध्ये पहिली लाइन पडली ती पोर्ट लुईतलं सरकारी कार्यालय आणि ल रेद्युई इथला गव्हर्नरचा बंगला यांच्यामध्ये. मुंबईतलं एक्स्चेंज १८८२ चं, म्हणजे मॉरिशस फक्त एक वर्ष मागे. फोन दोन्ही टोकांना साहेबाकडेच होता, हे वेगळं सांगायला नको.

बाहेरच्या जगाशी मात्र अजून काही नव्हतं. २९ एप्रिल १८९२ च्या चक्रीवादळाने पोर्ट लुईचा मोठा भाग झोपवला, हजारावर माणसं गेली, आणि ही बातमी बेटाबाहेर पोचली ती जहाजाने. पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, झांझिबारहून सेशेल्समार्गे मॉरिशसला समुद्री तार आली. टाकणारी ‘ईस्टर्न अँड साउथ आफ्रिकन टेलिग्राफ कंपनी’, आणि पाठीशी सरकारी अनुदान. वादळ आणि तार या दोन तारखा शेजारी दिसल्या की आपल्याला कार्यकारण लावायचा मोह होतो. तो आवरा. एवढ्या लांबीच्या तारेची जुळवाजुळव एका वर्षात होत नाही. झांझिबार-मॉरिशस मार्गात ब्रिटिश आरमाराला रस होता, आणि रेयुनियन-मादागास्करला फ्रेंच बसलेले होते. वादळाने फार तर घाई वाढवली असेल.

ही ‘ईस्टर्न’ म्हणजे जॉन पेंडर या मँचेस्टरच्या कापूस-व्यापाऱ्याने उभ्या केलेल्या कंपन्यांच्या गोतावळ्यातली एक. याच गोतावळ्याने १८७० मध्ये सुएझ-एडन-मुंबई अशी समुद्री तार टाकून मुंबई लंडनला जोडली होती. तेव्हा १८९३ मध्ये मुंबईहून पोर्ट लुईला तार केली तर ती एडन, झांझिबार, सेशेल्स असे टप्पे घेत जायची. हे टप्पे शब्दशः घ्या. प्रत्येक ठिकाणी माणूस तो संदेश उतरवून घ्यायचा आणि पुढच्या तारेवर हाताने पुन्हा पाठवायचा.

हे काम कसं चालायचं ते जरा सांगतो, कारण आजकाल कुणी सांगत नाही. समुद्राखालची तार म्हणजे तांब्याची गाभ्याची तार, तिच्याभोवती गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं वेष्टन आणि वरून लोखंडी तारांचं चिलखत. एवढी लांब तार म्हणजे एक भलामोठा कपॅसिटरच, वीज साठवून ठेवणारा. एका टोकाला ठसठशीत ठिपका दिला तरी दुसऱ्या टोकाला तो पसरट, मंद लाटेसारखा निघायचा. जमिनीवरच्या तारायंत्राची कटकट तिथे ऐकूच येणार नाही. म्हणून विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, सायफन रेकॉर्डर बनवला. केसासारखी बारीक काचेची नळी, तिच्यातून शाई सरकत्या कागदी फितीवर उतरते, आणि प्रवाहाच्या दिशेप्रमाणे रेघ वर किंवा खाली झुकते. ठिपका म्हणजे वरचा झोका, डॅश म्हणजे खालचा. ऑपरेटर ती नागमोडी रेघ वाचायचा. नवख्याला ती हृदयाच्या आलेखासारखी दिसेल, पण मुरलेला माणूस ती वाचता वाचता दुसऱ्या हाताने पुढे पाठवायचा. बेटावरची केबलची माणसं म्हणजे हीच, पाळीपाळीने रेघा वाचणारी. त्यांचा पगार लंडनहून यायचा आणि मन बहुधा तिथेच असायचं.

खरी मोठी तार १९०१ ची. दरबान, मॉरिशस, रॉड्रिग्ज, कोकोस बेटं आणि ऑस्ट्रेलियातलं पर्थ, असा हिंदी महासागर आडवा कापणारा मार्ग. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू होतं आणि परक्या मुलखाला न शिवता साम्राज्यभर फिरणारी तार लंडनला हवी होती. पण दुसरं एक कारण होतं आणि माझ्या मते तेच जास्त वजनदार. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये प्रशांत महासागरातून सरकारी मालकीची केबल टाकायचं घाटत होतं, आणि ती १९०२ मध्ये पुरीही झाली. ऑस्ट्रेलियाची वाहतूक हातची जाईल या धास्तीने ईस्टर्नने दर उतरवायची तयारी दाखवली आणि ही आफ्रिका-ऑस्ट्रेलिया तार पुढे केली. म्हणजे मॉरिशस जगाच्या हमरस्त्यावर आलं ते दोन परक्या मंडळींच्या स्पर्धेत. रॉड्रिग्ज तर पोर्ट लुईपासून सहाशे किलोमीटर पूर्वेला, बाराही महिने विसरलेलं बेट. तिथल्या लोकांना कुणाला तार करायची होती म्हणून ती आली नाही. इतक्या लांबच्या तारेला मध्ये एक थांबा लागत होता.

अशा तारेची नाजूक जागा म्हणजे तिचे थांबे. ९ नोव्हेंबर १९१४ ला ‘एम्डेन’ ही जर्मन युद्धनौका कोकोसच्या डायरेक्शन बेटाजवळ आली. तिनेच सप्टेंबरात मद्रासवर तोफा डागल्या होत्या. किनाऱ्यावर उतरलेल्या तुकडीने यंत्रं फोडली, बिनतारीचा खांब पाडला, एक तार कापली. पण सगळ्या तारा काही त्यांच्या हाती लागल्या नाहीत, आणि त्याआधीच ऑपरेटरांनी अनोळखी जहाजाची खबर बिनतारीवर सोडून दिली होती. ती ऐकून ऑस्ट्रेलियाची युद्धनौका ‘सिडनी’ धावून आली आणि एम्डेन संपली. जी बिनतारी यंत्रणा त्या दिवशी केबलवाल्यांच्या मदतीला आली तीच पुढच्या पंधरा वर्षांत त्यांच्या मुळावर उठली.

इथे गोष्ट आपल्या पुणे जिल्ह्यात येते. मार्कोनीने १९२० च्या दशकात शॉर्टवेव्हचा झोत एका दिशेला बांधून पाठवायची ‘बीम’ पद्धत बसवली. तिला हजारो मैल तांबं आणि गटापर्चा लागत नव्हता, त्यामुळे दर फारच स्वस्त. भारताची इंग्लंडशी बीम सेवा १९२७ मध्ये सुरू झाली. पाठवायचं केंद्र खडकीला, ऐकायचं केंद्र दौंडला. दोन्ही एकत्र का नाहीत? शेजारी ढोल बडवत असताना दाराआडची कुजबुज ऐकू येत नाही, तसंच हे. दौंड म्हटलं की लोकांना रेल्वे जंक्शन आठवतं, मला ते मैदान आठवतं.

बीमने केबलची वाहतूक भराभर ओढली. पण केबल कंपन्या बुडू देणं ब्रिटिश सरकारला परवडणारं नव्हतं, कारण बिनतारी कुणीही ऐकू शकतो, समुद्राच्या तळाची तार युद्धात गुप्त राहते. १९२८ च्या परिषदेत तोडगा निघाला आणि १९२९ मध्ये केबलवाले आणि मार्कोनीची दळणवळण शाखा यांची सोयरीक लावून दिली गेली. कंपनीचं पहिलं नाव लांबलचक, ‘इंपीरियल अँड इंटरनॅशनल कम्युनिकेशन्स’. १९३४ मध्ये ते बदलून सरळ ‘केबल अँड वायरलेस’ केलं. दोन वैऱ्यांची नावं एका पाटीवर आली ती अशी.

भारतातल्या शाखेचं १९३२ मध्ये ‘इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी’ झालं. १ जानेवारी १९४७ ला, स्वातंत्र्याच्याही आधी, ती सरकारने घेतली. तीच ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस, तीच १९८६ पासून विदेश संचार निगम म्हणजे व्हीएसएनएल, आणि तीच आजची टाटा कम्युनिकेशन्स. गंमत म्हणजे त्याच १ जानेवारी १९४७ ला खुद्द ब्रिटनमध्ये केबल अँड वायरलेसचंही राष्ट्रीयीकरण झालं. म्हणजे मॉरिशसची बाहेरची तार आता ब्रिटिश सरकारच्या मालकीची झाली. तुमच्या यजमानांच्या आजोबांच्या तरुणपणी ती तशीच होती. मॉरिशस १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झालं, पण परदेशी तार लगेच हाती आली नाही.

मध्ये दुसऱ्या महायुद्धातली एक हकीगत, जी आता खुली झालेली आहे. एडवर्ड ट्वायनिंग, तोच चहावाल्या घराण्यातला, तेव्हा मॉरिशसमध्ये सरकारी नोकरीत होता. सेन्सॉर खात्याच्या आडून त्याने बिनतारी संदेश चोरून ऐकायचं मोठं केंद्र उभं केलं. शेजारचं रेयुनियन आणि मादागास्कर व्हिशी फ्रेंचांच्या, म्हणजे जर्मनांशी जुळवून घेतलेल्या फ्रेंच सरकारच्या ताब्यात, आणि मॉरिशसमध्ये फ्रेंच मातृभाषेसारखी बोलणारी माणसं हवी तितकी. मे १९४२ मध्ये ब्रिटिशांनी मादागास्करच्या दिएगो स्वारेझवर उतरायचं ठरवलं तेव्हा इथून ऐकलेलं कामी आलं. ट्वायनिंग पुढे टांगानिकाचा गव्हर्नर झाला. ऐकण्यासाठी इतकी सोयीची जागा म्हटल्यावर पुढेही कुणी ना कुणी तिथे कान लावून बसणारच. ब्रिटिश आरमाराचं बिनतारी केंद्र व्हाकोआला १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत होतं. आणि १९६५ मध्ये मॉरिशसपासून तोडलेल्या चागोस बेटांतल्या दिएगो गार्सियावर अमेरिकनांनी १९७३ मध्ये पहिलं काय उभं केलं, तर नौदलाचं दळणवळण केंद्रच. धावपट्टी नंतर लांबली. १९८० च्या दशकात तिथली टेलिफोन सेवा चालवायला कोण गेलं? केबल अँड वायरलेस.

युद्धानंतर आवाजाचा जमाना आला, आणि जुनी तार आवाज नेऊ शकत नव्हती. तिच्यावरून नागमोडी रेघच जाणार. त्यामुळे परदेशी फोन म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओ. ज्यांनी ट्रंक कॉल बुक करून अर्धा दिवस फोनशेजारी काढलाय त्यांना यातलं निम्मं दुखणं ठाऊक आहे. उरलेलं निम्मं आकाशातलं. शॉर्टवेव्ह वरच्या आयनांबरावर आपटून परत येते आणि तो थर सूर्याच्या तालावर वर-खाली होतो. दिवसा वरची फ्रिक्वेन्सी, रात्री खालची, आणि पहाटे व संध्याकाळी बदलाची वेळ आली की आवाज असा गडप व्हायचा की ऑपरेटर दोन्हीकडून नुसता ‘हॅलो’ करत बसायचा. चक्रीवादळात तर विचारूच नका. २८ फेब्रुवारी १९६० च्या ‘कॅरोल’ने बेटावरचे खांब आणि तारा आडव्या केल्या, ६ फेब्रुवारी १९७५ च्या ‘जर्व्हेज’ने पुन्हा.

याच सुमारास मॉरिशस वाटेवरून बाजूला पडलं. १९६० च्या दशकात आवाज नेणाऱ्या नव्या केबली पडल्या, पण त्या सिंगापूर, हाँगकाँग, गुआम करत ऑस्ट्रेलियाला गेल्या, किंवा केपटाउनहून अटलांटिकमधून युरोपला. दरबान-पर्थ रस्त्याची गरजच सरली. १९०१ ची तार निकामी झाली ती झालीच. त्यानंतर तीन दशकांहून जास्त काळ मॉरिशसला एकही समुद्री केबल नव्हती. हे मी आजच्या पोरांना सांगितलं की त्यांना वाटतं मी काहीतरी चुकीचं बोलतोय, कारण त्यांच्या मते तंत्रज्ञान पुढेच जातं.

मधली पोकळी भरली उपग्रहाने. १९७५ मध्ये पोर्ट लुईजवळ कासीसला उपग्रह भूकेंद्र आलं. आर्वीचं आपलं ‘विक्रम’ केंद्र त्याच्या थोडंच आधीचं, नारायणगावजवळ, जुन्नर तालुक्यात. दोन्ही थाळ्या हिंदी महासागरावरच्या, इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या उपग्रहाकडेच तोंड करून. नकाशा काढून बघा, आर्वी विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आणि मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर. उपग्रह मधोमध, विषुववृत्तावर. त्यामुळे आमची थाळी आणि त्यांची थाळी जवळजवळ सारख्याच कोनात वर पाहायची, जणू आरशातली. रात्रपाळीत चहा पिताना मला हे फार गंमतीचं वाटायचं.

फोन करणाऱ्याला मात्र गंमत वाटत नसे. उपग्रह ३६,००० किलोमीटर उंच. आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद, उत्तर परत येईपर्यंत अर्धा. लोक एकमेकांच्या बोलण्यावर बोलायचे, थांबायचे, आणि दोघंही पुन्हा एकदमच सुरू व्हायचे. शिवाय स्वतःचाच आवाज प्रतिध्वनी होऊन येऊ नये म्हणून वेगळी यंत्रं बसवावी लागत. तरी शॉर्टवेव्हच्या खरखरीनंतर हे स्वर्गच होतं.

तुम्हाला वाटेल की तिथले मराठी लोक उपग्रह आल्याबरोबर रत्नागिरीला फोन करू लागले असतील. मलाही आधी असंच वाटलं होतं. पण गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांची वाहतूक सुरू झाली १८३४ मध्ये. फोन सुकर होईपर्यंत चार-पाच पिढ्या उलटल्या होत्या, गावाचं नाव राहिलं असेल पण गावात ओळखीचं कुणी राहिलं नव्हतं. पोर्ट लुईतून फोन जायचे ते लंडनला आणि पॅरिसला, जिथे मुलं शिकायला किंवा कामाला गेली होती. आणि इथेच पैशाचा मुद्दा येतो, ज्याच्याशिवाय मॉरिशस टेलिकॉमचा जन्म समजत नाही.

त्या काळी परदेशी फोनचे पैसे दोन देशांत वाटले जात. लंडनहून कुणी पोर्ट लुईला फोन केला की पैसे भरायचा तो लंडनमध्ये, पण दोन कंपन्यांनी आपसात ठरवलेल्या हिशोबी दराचा अर्धा भाग लंडनने मॉरिशसला द्यायचा. उलट दिशेनेही तेच. वर्षाअखेरीस वजाबाकी. श्रीमंत देशातून फोन जास्त येतात, गरीब देशातून कमी जातात, तेव्हा बेटाच्या पदरात परकीय चलन पडतं, तेही बसल्या जागी. साखरेवर जगणाऱ्या बेटाला हे फार मोलाचं. दुसरीकडे बेटाच्या आतला फोन स्वस्त ठेवलेला, खांब वादळात पडणारे, आणि जोडणीसाठी लोक वाट बघत बसलेले. म्हणजे कमावणारा भाऊ परक्या घरी आणि खाणारा आपल्या घरी. हे कुठलंही सरकार किती दिवस चालवून घेईल?

१९८५ मध्ये बाहेरचं काम केबल अँड वायरलेसकडून ‘ओव्हरसीज टेलिकम्युनिकेशन्स सर्व्हिसेस’कडे आलं. केबल अँड वायरलेस तोवर बदललीच होती. थॅचर सरकारने १९८१ पासून तिचे शेअर विकायला काढले होते आणि तिची नजर छोट्या बेटांपेक्षा हाँगकाँगकडे आणि खुद्द ब्रिटनच्या बाजाराकडे होती. १९८८ मध्ये टेलिफोन खात्याची ‘मॉरिशस टेलिकम्युनिकेशन सर्व्हिसेस’ झाली, आणि १९९२ मध्ये, मॉरिशस प्रजासत्ताक झालं त्याच वर्षी, दोन्ही भावांचं एकत्र कुटुंब झालं. आपल्याकडे बीएसएनएल-एमटीएनएल आणि व्हीएसएनएल ही कुटुंबं शेवटपर्यंत वेगळी राहिली. परदेशी फोनचा पैसा गावातल्या एक्स्चेंजपर्यंत सरळ पोचला नाही. मॉरिशसमध्ये तो पोचला. तिथलं आतलं जाळं नव्वदच्या दशकात झपाट्याने सुधारलं त्याचं मोठं कारण मी हेच मानतो.

मोबाइलच्या बाबतीत मात्र सरकारी कंपनी मागे राहिली. १९८९ मध्ये ‘एमटेल’ने सेवा सुरू केली. ही करीमजी जीवनजी या गुजराती बोहरी घराण्याची आणि एका परदेशी भागीदाराची कंपनी. ‘दक्षिण गोलार्धातलं पहिलं मोबाइल नेटवर्क’ असं तिच्याबद्दल जागोजागी वाचायला मिळतं. ते खरं नाही, ऑस्ट्रेलियात सेल्युलर फोन १९८७ मध्येच आले होते. पण भारतात पहिला मोबाइल कॉल जुलै १९९५ मधला, तेव्हा आपल्यापेक्षा सहा वर्षं आधी, हे कबूल. मॉरिशस टेलिकॉमची ‘सेलप्लस’ जीएसएम ही डिजिटल मोबाइल पद्धत घेऊन आली १९९६ मध्ये.

मग २००० मध्ये सरकारने ४० टक्के हिस्सा फ्रान्स टेलिकॉमला विकला. म्हणून मधली काही वर्षं तुम्हाला तिथे सगळीकडे ‘ऑरेंज’ची पाटी दिसली असती. २०१७ पासून ती उतरवून ‘माय टी’ आलं, फ्रेंचांचा हिस्सा राहिला तो राहिलाच. २००३ पासून मक्तेदारी संपवली. त्याच दारातून आपली महानगर टेलिफोन निगम आत शिरली. नोव्हेंबर २००३ मध्ये तिने मॉरिशसमध्ये उपकंपनी काढली, पुढच्या वर्षी परवाने मिळाले. मुंबई-दिल्लीत जिची पाटी अजून लँडलाइनच्या बिलावर आठवते, ती तिथे ‘चिली’ नावाने मोबाइल विकते. घरच्या अंगणात कर्जाने वाकलेली म्हातारी परगावी मात्र नीट चालते, असं म्हणायला हवं.

केबल परत आली २००२ मध्ये. ‘सेफ’ हे तिचं नाव, दक्षिण आफ्रिका ते अतिपूर्व. दक्षिण आफ्रिकेतून निघून रेयुनियन, मॉरिशस, मग कोची, मग मलेशियातलं पेनांग. यावर मी थोडंफार काम केलं. मॉरिशसमध्ये ती दक्षिण किनाऱ्यावर बे द्यु जाकोतेला वर येते. शंभर वर्षांपूर्वीसारखंच कारण, आफ्रिका आणि पूर्व यांच्या मधला थांबा. पण या वेळी थांब्यावर माणूस रेघा वाचत बसत नाही, त्यामुळे कुणीतरी खाली उतरून बेटासाठी काही ठेवून जाईल ही गरजही उरलेली नाही. बेटाला स्वतःचा वाटा विकत घ्यावा लागतो, आणि मॉरिशसने तो घेतला. पुढे मादागास्करकडची ‘लायन’, मग ‘मेटिस’, अशा आणखी केबली आल्या. एका तारेवर जगायचं नाही हे त्यांना पक्कं कळलं होतं.

फायबरचं म्हणाल तर त्यात जादू काही नाही. बेट साधारण २,००० चौरस किलोमीटर, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास आणि दाट. एकच मोठी कंपनी, तिच्या हाती खांब, केबलीच्या जमिनीखालच्या नळ्या, पैसा आणि सरकारचा रेटा. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन-तीन वर्षांत त्यांनी गावोगाव फायबर ओढलं. सिंधुदुर्गाला स्वतःचं टेलिफोन खातं आणि स्वतःची परदेशी मिळकत असती तर तिथेही झालं असतं.

बे द्यु जाकोतेचं नाव तुम्ही २०२२ मध्ये बातम्यांत ऐकलं असेल. ३० जूनला मॉरिशस टेलिकॉमचे प्रमुख शेरी सिंग यांनी राजीनामा दिला आणि आरोप केला की, तिथल्या केबल केंद्रात बाहेरच्या मंडळींना यंत्र लावून वाहतूक तपासू देण्यासाठी तेव्हाचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी दबाव आणला. पंतप्रधानांनी तो साफ नाकारला. सुरक्षेसाठी फक्त पाहणी करायची होती आणि त्यासाठी आपणच भारताच्या पंतप्रधानांकडे तज्ज्ञ मागितले, असं ते म्हणाले. खरं काय ते सांगायला मी बसलेलो नाही. माझ्या धंद्यातलं एवढंच सांगतो की, केबल केंद्रात पाहणी करणारा आणि कान लावणारा दोघंही त्याच खोलीत, त्याच रॅकसमोर, जवळपास तीच उपकरणं घेऊन उभे असतात. आणि ट्वायनिंगची गोष्ट ज्यांना ठाऊक होती त्यांना धक्का बसला नाही.

राहिलं रॉड्रिग्ज. १९०१ मध्ये त्या बेटावरून आफ्रिका-ऑस्ट्रेलियाचे बाजारभाव, युद्धाच्या बातम्या, लग्न-मरणाच्या तारा सगळं जात होतं. ती तार गेल्यावर त्यांच्या वाट्याला आधी रेडिओ आणि मग उपग्रह आला, आणि इंटरनेटच्या काळात तर उपग्रहाची महागडी, बारीक नळी. पोर्ट लुईत फायबर घरोघरी जात असताना रॉड्रिग्जची पोरं एक पान उघडायची वाट बघत बसायची. २०१९ मध्ये मॉरिशसहून त्यांच्यासाठी ‘मार्स’ नावाची सुमारे ७०० किलोमीटरची केबल टाकली. मी तिचा नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा सवयीने बोट पुढे कोकोसकडे सरकवलं. पुढे काही नव्हतं. ती रॉड्रिग्जला पोचते आणि तिथेच संपते.